आमच्या गच्चीवरचं बेट

मागच्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडे गेलो. वर्तकनगरमधली आमची इमारत तळमजला अधिक चार, वीस घरं, लिफ्ट नाही. गच्चीवर तीन किलोवॉटचे सोलर पॅनल आणि आमच्या घरात एक बॅटरी, असा माझा प्लॅन होता. केंद्राच्या 'पीएम सूर्य घर' योजनेत घरगुती सोलरला तीन किलोवॉटपर्यंत 78,000 रुपये अनुदान मिळतं. मी एक्सेलमध्ये पुढच्या वीस वर्षांचा हिशोब मांडला होता. दोन-तीन प्रकारचे ग्राफही होते.

काकांनी ग्राफ पाहिले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गच्चीवर किती घरांचे पॅनल बसतील?"

हा हिशोब मी केला नव्हता. आम्ही वर गेलो आणि टेपने माप घेतलं. पाण्याची टाकी, जिन्याची केबिन आणि त्यांची सावली वजा केली, चालायला वाट सोडली. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर जागा लागते. उरलेल्या जागेत जेमतेम नऊ किलोवॉट बसत होते. म्हणजे तीन घरं. बाकीच्या सतरा घरांच्या वाट्याला ऊन नाही.

"मग पहिला अर्ज तुझा म्हणून ऊन तुझं, असं म्हणायचं का?" काका हसत म्हणाले. मला काही हसू आलं नाही.

त्या प्रश्नापासून पुढचे आठ महिने मी जे वाचलं, पाहिलं आणि मीटररूममध्ये उकरून काढलं, त्याची ही गोष्ट आहे. वीज ही मी आजवर फक्त युनिट आणि बिल या भाषेत समजून घेत होतो. पण ठाणे-कल्याणच्या विजेच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो. वीज कमी पडली की दिवे कोणाचे चालू ठेवायचे आणि कोणाचे घालवायचे? सोलर आणि बॅटरी आली म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तो आपल्या गच्चीवर येऊन बसतो, एवढंच.

डोक्यावरून गेलेल्या तारा

मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते 1882 मध्ये, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. शहराला नीट वीज मिळू लागली ती 1905 नंतर, वाडीबंदरच्या वीजघरातून. 1907 मध्ये विजेवरची ट्राम धावली. पण गिरण्यांची भूक एवढ्याने भागणार नव्हती. कोळसा लांबून आणावा लागे आणि धुराने शहर काळवंडलं होतं. मग टाटांनी सह्याद्रीचा पाऊस अडवला. लोणावळ्याच्या आसपास धरणं बांधली, पाणी नळांतून घाटाखाली सोडलं आणि 1915 मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. पुढे 1922 मध्ये भिवपुरी, 1927 मध्ये भिरा.

भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं खोरं पाण्याखाली गेलं. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी 1921 पासून सत्याग्रह केला. धरणाविरुद्धचा तो जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. वीज मात्र मुंबईला गेली. ज्या गावांवरून या तारा गेल्या, तिथे पुढची कित्येक वर्षं रॉकेलचे कंदीलच होते.

कल्याणच्या बाजूला आणखी एक नमुना उभा राहिला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची लोकल धावली. पुढे घाटावर गाड्या चढवायच्या म्हणून जीआयपी रेल्वेने 1920 च्या दशकाच्या अखेरीस ठाकुर्लीजवळ चोळा इथे स्वतःचं वीजघर बांधलं. आज ते बंद आहे, पण डोंबिवलीचे जुने लोक त्या भागाला अजून पॉवर हाऊसच म्हणतात. वीज फक्त रेल्वेची. बाजूच्या वस्तीत अंधार असला तरी रुळांवर गाडी चालू.

यादी वाढवता येते. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झालं, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. 1990 च्या दशकात डहाणूला पाचशे मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं राहिलं, तेही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आणि मुंबईच्या उपनगरांसाठी. कळवा आणि पडघा या दोन नावांवर तर आजही मुंबईची वीज टांगलेली असते. आमच्या जिल्ह्यातून भरपूर वीज गेली. थांबली किती, हा वेगळा प्रश्न.

बेट म्हणजे नेमकं काय

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आपल्या ग्रिडमध्ये वीज साठवून ठेवायची सोय फार थोडी आहे. या क्षणी जेवढी वापरली जाते, तेवढीच या क्षणी तयार करावी लागते. तोल बरोबर असला की फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या आसपास राहते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ती खाली येते. फार खाली आली की वीजनिर्मितीचे संच स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात. एक बंद पडला की उरलेल्यांवर बोजा वाढतो, मग तेही पडतात. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं होतं.

अशा वेळी एखाद्या शहराने मोठ्या ग्रिडपासून नाळ तोडायची आणि आपल्याच केंद्रांवर तग धरायचा, याला आयलंडिंग म्हणतात. म्हणजे विजेचं बेट करायचं. मुंबईसाठी अशी योजना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आणि घाटाखालची जलविद्युत केंद्रं यांच्या जोरावर, राज्यात काहीही झालं तरी मुंबईचे दिवे जाऊ नयेत, ही त्यामागची कल्पना. 1967 मध्ये कोयनेच्या भूकंपानंतर मुंबई-पुण्याचा वीजपुरवठा कोलमडला होता. लांबून येणाऱ्या विजेवर विसंबणं किती जोखमीचं आहे, ते तेव्हाच दिसलं होतं.

वाचताना एक गोष्ट मला थांबवून गेली. बेट करायचं तर आधीच एक यादी लागते. नाळ तुटली की बेटावरची निर्मिती मागणीला पुरत नाही, म्हणून काही भाग ताबडतोब तोडावे लागतात. त्यासाठीचे रिले आधीच लावून ठेवलेले असतात. फ्रिक्वेन्सी इथवर घसरली की हा भाग बंद, आणखी घसरली की तो भाग बंद. कोणाला तोडायचं हे त्या क्षणी कोणी ठरवत नाही. ते शांत डोक्याने, कागदावर, खूप आधी ठरलेलं असतं.

आम्ही बेटाबाहेर होतो

माझा जन्म 1998 चा. म्हणजे माझ्या शाळेची सुरुवातीची वर्षं आणि महाराष्ट्रातल्या भारनियमनाची वर्षं एकच.

त्यामागची मोठी गोष्ट थोडक्यात अशी. 20 जून 1960 रोजी स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ चाळीस वर्षं राज्याला वीज पुरवत होतं. 1990 च्या दशकात राज्याने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावर भिस्त ठेवली. त्याचा 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला. वीज फार महाग पडू लागली, भांडण झालं आणि 2001 च्या मे महिन्यात मंडळाने ती वीज घेणं थांबवलं. प्रकल्प बंद पडला. मधल्या काळात दुसरी मोठी केंद्रं पुरेशी उभी राहिली नव्हती आणि मागणी वाढतच होती. 6 जून 2005 रोजी मंडळाचे भाग होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या आल्या. तुटवडा त्यांच्या वाट्याला वारशात आला. पुढच्या काही वर्षांत तो चार-पाच हजार मेगावॉटवर पोचला.

आमच्या घरी तेव्हा वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. लाईट जायच्या आधी आई मिक्सर फिरवून घ्यायची. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, तिथे आठवड्यातून एक दिवस बंद. संध्याकाळी आम्ही मुलं खाली खेळायचो, त्यामुळे आम्हाला ती मजाच वाटायची. मजा संपायची ती मावशीकडे दादरला गेल्यावर. तिच्याकडे लाईट कधी जायचीच नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, "तुमचं वेळापत्रक कुठे लावलंय?" ती बराच वेळ हसत होती.

शहर एकच वाटायचं. लोकल तीच, पाऊस तोच. पण विजेची हद्द वेगळी होती. मुंबईत बेस्ट, टाटा आणि रिलायन्स. भांडुप-मुलुंडपासून पुढे महावितरण. एका बाजूला बेट, दुसऱ्या बाजूला उरलेला महाराष्ट्र.

आणि तो उरलेला महाराष्ट्रही एकसारखा नव्हता. ज्या भागात वीजगळती कमी आणि बिलाची वसुली चांगली, तिथे भारनियमन कमी. गळती जास्त, वसुली वाईट, तिथे जास्त. त्यासाठी ए, बी, सी, डी असे गट पाडले गेले, आणि ही अक्षरं पुढे जीपर्यंत गेली. गावाकडे दिवसाचे बारा तासांहून अधिक वेळ लाईट नसायची. पुण्याने 2006 मध्ये वेगळा मार्ग काढला. तिथल्या उद्योगांनी आपले जनरेटर चालवले, त्या महाग विजेचा खर्च शहरातल्या ग्राहकांनी थोडं जास्त बिल भरून उचलला आणि पुणं भारनियमनातून सुटलं. थोडक्यात, पैसे भरून बेट करता येतं हे पुण्याने दाखवलं.

गळतीवर गट पाडण्यामागचं गणित मला इंजिनिअर म्हणून पटतं. पण मग ज्या बाईने प्रत्येक बिल वेळेवर भरलं, तिच्या फीडरवर आकडे टाकणारे शेजारी होते म्हणून तिचाही पंखा बंद. यादी करताना माणूस दिसत नाही, फीडर दिसतो.

12 ऑक्टोबर 2020

या दिवशी बेट बुडालं. सोमवार होता. मला नोकरी लागून तीन महिने झाले होते आणि लॉकडाऊनमुळे मी ऑफिस अजून पाहिलंही नव्हतं. दहाच्या सुमारास स्क्रीनवरचे चेहरे एकेक करून गोठले. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, एकदम सगळीकडे वीज गेली.

कळवा, पडघा आणि खारघरच्या आसपासच्या 400 केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या. काही आधीच देखभालीसाठी बंद होत्या, उरलेल्यांवर बोजा गेला आणि बाहेरून मुंबईत येणारी वीज तुटली. मग आयलंडिंगची पाळी आली. पण त्या दिवशी मुंबईच्या आतली निर्मिती मागणीच्या मानाने फार कमी होती. फ्रिक्वेन्सी कोसळली आणि ट्रॉम्बेचे संचही बंद पडले. ज्या दिवसासाठी ही योजना चाळीस वर्षं सांभाळली, त्या दिवशी ती उभी राहिली नाही. लोकल दोन-अडीच तास बंद होत्या. काही भागांत वीज परतायला संध्याकाळ झाली.

माझ्या दादरच्या मावशीचा फोन आला. "अरे, मेणबत्ती कुठे मिळते आता?" मी हसलो नाही असं म्हणणार नाही.

यातून शिकण्यासारखं साधं आहे. बेट नकाशावर असून चालत नाही. बेटावर पुरेसं पिकायला लागतं. बाहेरची वीज स्वस्त मिळते म्हणून आतले संच कमी चालवले, तर नाळ तुटल्यावर फक्त नकाशा हातात उरतो.

उन्हाची वीज आधी बेटांसाठीच होती

सोलर पॅनलची कथा मी उलटी समजत होतो. मला वाटायचं, आधी घरांवर पॅनल आले आणि मग कुठे उपग्रहांवर गेले. खरं तर अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये 25 एप्रिल 1954 रोजी सिलिकॉनचा जो सौरघट जगाला दाखवला गेला, तो उन्हातली सुमारे सहा टक्के ऊर्जा विजेत बदलायचा आणि कुठल्याही घराला परवडणारा नव्हता. तो पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडला 1958 मध्ये, व्हॅनगार्ड-1 या उपग्रहावर. उपग्रहापर्यंत कोण वायर टाकणार! पुढे समुद्रातले दिशादर्शक दिवे, तेलविहिरी, डोंगरावरचे टेलिफोनचे मनोरे. जिथे वायर पोचत नाही तिथे सोलर. भारतातही 1970 च्या दशकात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने सौरघट बनवायला घेतले. त्यानंतर बरीच वर्षं सोलर म्हणजे दुर्गम गावातला कंदील किंवा रस्त्यावरचा दिवा, असंच समीकरण होतं. पॅनलसोबत बॅटरी असायचीच.

मग पॅनल स्वस्त झाले आणि शहरात आले. शहरात वायर होतीच. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2015 मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले, 2019 मध्ये ते सुधारले. दिवसा जास्त झालेली वीज ग्रिडला द्यायची, रात्री परत घ्यायची, बिल फरकाचं. ग्रिड हीच बॅटरी. महागडी बॅटरी वगळली आणि सोलर परवडू लागलं.

पण त्याबरोबर एक गोष्ट गेली, आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. किंवा मी विचारली नव्हती.

माझ्याकडे आलेल्या पहिल्या विक्रेत्याने सांगितलं होतं, "सर, लाईट गेली तरी टेन्शन नाही, वर ऊन आहे ना." मी मान डोलावली होती. नंतर शेजारच्या एका सोसायटीत भर दुपारी लाईट गेली, तेव्हा मी पाहिलं. गच्चीवर निळे पॅनल उन्हात चमकतायत आणि खाली पंप बंद, जिन्यात अंधार. बॅटरीशिवायचा साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेली की एक-दोन सेकंदांत स्वतःला बंद करतो. तसं करणं त्याला बंधनकारकच आहे. कारण बाहेरची लाईन बंद आहे असं समजून एखादा वायरमन खांबावर चढला असेल, तर आपल्या गच्चीवरून तारेत जाणारी वीज त्याचा जीव घेईल. या सुरक्षेला अँटी-आयलंडिंग म्हणतात. परवानगीशिवाय बेट होऊ नये यासाठीची सोय!

म्हणजे बेटांसाठी जन्मलेली ही वस्तू शहरात आली आणि तिला बेट व्हायला बंदी झाली. बेट हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि ग्रिड गेल्याक्षणी बाहेरची तार तोडणारा स्विच लागतो. आणि एक वेगळा छोटा बोर्ड लागतो, ज्यावर फक्त 'लाईट गेल्यावरही चालणाऱ्या' गोष्टी असतात. पुन्हा यादी आली.

मीटररूम

पावसाळ्याआधी एका परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्यांनी गच्चीकडे बघितलंही नाही. "आधी मीटररूम दाखवा."

जिन्याखालची ती खोली मी लहानपणी लपाछपीला वापरली होती. आता टॉर्चच्या उजेडात पाहिली. लाकडी फळी, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, त्यातल्या दोनांत फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळलेली. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी, कधीतरी केलेला उपाय. म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर फ्यूज वितळणार नाही, भिंतीतली केबल वितळेल. वर जाणारी अ‍ॅल्युमिनियमची केबल इमारतीच्या वयाची. टोकाला तिचं आवरण करपून तपकिरी झालेलं. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी तो पेव्हर ब्लॉकच्या खाली सापडला, कोरडा ठणठणीत.

इमारत 1980 च्या दशकातली. तेव्हा एका घरात दोन-तीन पंखे, ट्यूबलाईट, टीव्ही आणि असलाच तर फ्रिज. त्या हिशोबाने केबल आली. आज बहुतेक घरांत एसी आहे, गीझर आहे, इंडक्शनची शेगडी आहे. एक गीझर दोन किलोवॉट खातो, दीड टनाचा एसी चालू असताना जवळपास तेवढंच. वीस घरांनी मे महिन्याच्या रात्री एसी लावले की त्या म्हाताऱ्या केबलवर काय येत असेल, ते तिच्या करपलेल्या टोकावर लिहिलेलं होतं.

शिवाय सोसायटीच्या सामायिक मीटरचा मंजूर भार दोन किलोवॉट. नेट मीटरिंगच्या नियमात पॅनलची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असून चालत नाही. म्हणजे सोलर लावायचं तर आधी भार वाढवून घ्यायचा, त्यासाठी मेन स्विच, केबल, अर्थिंग बदलायचं. माझ्या एक्सेलमध्ये या सगळ्यासाठी एकही रकाना नव्हता. वीस वर्षांचा नफा मी काढला होता, पण ज्या भिंतीतून तो वाहत येणार ती भिंत आत्ताच तापत होती.

सभा

सर्वसाधारण सभेत तीन बाजू होत्या.

पहिली माझ्यासारख्यांची. ज्याला परवडतं त्याने आपापलं लावावं. चौथ्या मजल्यावरचे दादा म्हणाले, "सगळ्यांची वाट बघत बसलो तर काहीच होणार नाही." यात तथ्य आहे. सोसायटीत रंगकामाचा निर्णय व्हायला तीन वर्षं लागली होती.

दुसरी बाजू, काहीच नको. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "पुढेमागे पुनर्विकासाला इमारत गेली तर हे पॅनल कुठे नेणार?" आमच्या भागात हाउसिंग बोर्डाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, त्यामुळे हा प्रश्नही हवेतला नव्हता.

तिसरी बाजू सेक्रेटरीकाकांची. गच्ची सगळ्यांची, तर पहिली वीजही सगळ्यांच्या कामाची. सामायिक सोयींसाठी सोसायटीला प्रति किलोवॉट 18,000 रुपये अनुदान मिळतं. चार किलोवॉटला 72,000. पाण्याचा पंप, जिन्याचे दिवे, गेटचा दिवा. सामायिक मीटरवरून एखाद्या घरात वीज देता येत नाही, कारण ते दुसऱ्या ग्राहकाचं कनेक्शन. म्हणून सोसायटीच्या ऑफिसात सहा सॉकेट काढायचे, बॅटरीच्या बोर्डावर. लाईट गेली की ज्याला गरज असेल त्याने तिथे यावं.

मी तोवर बदललो होतो असं सांगायला आवडेल. पण तसं नव्हतं. मला माझ्या घरात बॅटरी हवी होती आणि मी तसं सभेत बोललोही. मग तळमजल्यावरच्या आजी बोलल्या. त्या सभेत सहसा बोलत नाहीत. आजोबांना दम्यासाठी नेब्युलायझर लागतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही वर तुमचं तुमचं लावाल रे. मग लाईट गेल्यावर मी कुणाचं दार वाजवायचं, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

कोणी काही बोललं नाही. मला फ्रिजवरचं वेळापत्रक आठवलं, आणि दादरची मावशी. लहानपणी बेटाबाहेर होतो तेव्हा मला ते अन्यायाचं वाटायचं. आता बेट करायची ऐपत आली तर मी त्याची हद्द आमच्या दारापर्यंतच आखत होतो.

ठराव चौदा विरुद्ध सहा असा झाला. मीटररूमचं काम आधी, सामायिक चार किलोवॉट नंतर. उरलेली गच्ची कोणाला द्यायची ते पुढच्या सभेत. माझा हात वर होता, पण सगळ्यात आधी गेला नव्हता.

यादी

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि बहुतेक पैसे तिथेच गेले. नवी केबल, नवे एमसीबी, गळती झाली तर तोडणारे स्विच, दोन अर्थिंगचे खड्डे. पैसे भरताना एकजण म्हणालेच, "रंग दिसतो तरी, हे कुठे दिसतं?" मंजूर भार वाढला, तपासणी झाली, नेट मीटर लागला.

पंपाने एक धडा दिला. तीन हॉर्सपॉवर म्हणजे साधारण सव्वादोन किलोवॉट. पाच किलोवॉटच्या इन्व्हर्टरला ते सहज पेलेल असं मी धरलं होतं. पण मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. पहिल्या चाचणीत पंपाने हुंकार दिला आणि इन्व्हर्टर बंद. मोटर हळूहळू वेगात आणणारा ड्राइव्ह बसवल्यावर ती चालली. छोट्या बेटावर एक मोठा पाहुणा दचकन उतरला तरी बेट बुडतं. मुंबईच्या बाबतीत वाचलं होतं ते इथे जिन्याखाली ऐकू आलं.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, दहा युनिटची. इतर काही लिथियम बॅटऱ्यांच्या तुलनेत ही पेट घ्यायची शक्यता कमी, म्हणून थोडी जड असली तरी हीच घेतली. दहा युनिट ऐकायला बरे वाटतात. पंप एक तास चालला की त्यातले सव्वादोन गेले. रात्रभर जिन्याचे दिवे धरले की आणखी दोन-अडीच. उरतात पाच. एक एसी ते तीन-चार तासांत संपवेल. सहा सॉकेटवर नेब्युलायझर, मोबाईल, एखादा लॅपटॉप, इन्सुलिन ठेवायचा छोटा फ्रिज असं धरलं तर रात्र निघते. भर पावसाळ्यात ढगांमुळे पॅनलची वीज निम्म्याहून खाली येते, तेव्हा याहून जपून.

म्हणून आम्ही यादी केली. सेक्रेटरीकाकांनी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि लॅमिनेट करून मीटररूमच्या दारावर लावली. वरच्या भागात, लाईट गेल्यावर काय चालेल: जिना, गेट, पंप दिवसातून एकदा, ऑफिसातले सॉकेट, त्यातले दोन औषधोपचाराच्या उपकरणांसाठी राखीव. खाली, काय चालणार नाही: इस्त्री, हीटर, इंडक्शन, गाडी चार्ज करणं. खालची यादी वरच्यापेक्षा लांब आहे. तिच्यावर वीसही घरांच्या सह्या आहेत, ठरावाला विरोध करणाऱ्या सहांच्याही.

जुलैत एका रात्री साडेनऊला लाईट गेली. मी सवयीने मोबाईलचा टॉर्च लावून जिन्यात आलो. जिन्यात दिवा होता. खाली ऑफिसात आजी आणि आजोबा बसले होते, नेब्युलायझरचा घुर्र घुर्र आवाज येत होता. शेजारच्या सॉकेटला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन लावलेला, आणि काका दारात उभे राहून चौथ्या मजल्यावरच्या मुलाला यादीतली एक ओळ बोटाने दाखवत होते. त्या मुलाच्या हातात इस्त्री होती.

मी माझा लॅपटॉप घेऊन खाली आलो होतो. तीस टक्के चार्ज होता. सॉकेटकडे पाहिलं, राखीव दोन सोडून एक रिकामा होता. लावला नाही. लाईट अकराला आली.